दुसरं लेकरू

पल्स पोलिओच्या रविवारी गावातल्या अंगणवाडीसमोर पाच वर्षांखालच्या मुलांची रांग लागते. आशाताई तोंडात दोन थेंब सोडतात, डाव्या करंगळीच्या नखावर शाई लावतात, आणि मुलं ते बोट एकमेकांना दाखवत घरी पळतात. कधी कधी या रांगेतून एखाद्या चार वर्षांच्या मुलाला त्याची आजी हाताला धरून परत नेते. त्याला ताप नाही, खोकला नाही, खेळून-खाऊन बरा आहे. पण त्याच्या सात वर्षांच्या ताईला रक्ताचा कर्करोग झालेला आहे, ती केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत घरी आलेली आहे, आणि डॉक्टरांनी कागदावर स्पष्ट लिहून दिलंय: घरातल्या लहान मुलांना तोंडावाटे पोलिओ डोस देऊ नये.

त्यामागचं कारण साधं आहे. तोंडावाटे द्यायच्या लशीत दुर्बळ केलेला, पण जिवंत विषाणू असतो. लस घेतलेल्या मुलाच्या शौचावाटे तो काही आठवडे बाहेर पडत राहतो. निरोगी माणसाला त्याचा उपद्रव होत नाही. पण केमोथेरपीने जिची प्रतिकारशक्ती खाली आणलीय, अशा मुलीच्या घरात तो नको. म्हणून धाकट्याला पोलिओची लस इंजेक्शनमधून द्यायची. गोवर आणि कांजिण्यांच्या लशी मात्र त्याने घ्यायलाच हव्यात. त्याला कांजिण्या आल्या तर त्या ताईपर्यंत पोचणार, आणि त्या अवस्थेत कांजिण्या जिवावर बेतू शकतात.

वैद्यकशास्त्राच्या बाजूने हे सगळं बिनचूक आहे. उरतो तो चार वर्षांचा मुलगा. सगळ्यांच्या बोटाला शाई, माझ्या नाही. का, ते त्याला कोणी सांगितलेलं नसतं, आणि सांगायचं राहिलंय हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

या प्रकरणाची सुरुवात इथून करायचं कारण असं की घरात एक मूल गंभीर आजारी असलं की आपण हिशेब मांडतो, ‘एक आजारी, बाकीचे ठणठणीत.’ प्रत्यक्षात दुसऱ्या मुलाचं लसीकरण, जेवण, शाळा, झोपायची जागा, खेळायला येणारे मित्र, सगळं त्या आजाराच्या सोयीने ठरू लागतं. मूल आजारात ओढलं गेलेलंच असतं, ते आपल्या हातात नाही. ते त्यात एकटं असेल की कोणाच्या सोबतीने, हे मात्र पुष्कळसं मोठ्यांवर अवलंबून असतं, आणि इतकी वर्षं आपण त्याला बहुधा एकटंच ठेवत आलो आहोत, असं माझं स्पष्ट मत आहे.

लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग म्हणजे ॲक्यूट लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया. लोक त्याला सरसकट ब्लड कॅन्सर म्हणतात. 1948 साली बॉस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ॲमिनोप्टेरिन या औषधाने या मुलांचा आजार काही काळ मागे हटतो हे पहिल्यांदा दाखवलं. ते औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झालं, तिथलं संशोधन आंध्रातून गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली चालत होतं. तेव्हा हाती लागले ते काही महिने. आज श्रीमंत देशांत या आजाराच्या दहातल्या सुमारे नऊ मुलांचा जीव वाचतो. आपल्याकडेही वेळेवर निदान झालं आणि उपचार अर्धवट सोडले नाहीत तर मुलं बरी होतात, शिकतात, नोकरीला लागतात.

पण त्यासाठी दोन ते अडीच वर्षं लागतात. पहिले काही महिने कडक औषधांचे. सलाइनमधून केमो, पाठीच्या कण्यातून इंजेक्शन, वारंवार रक्ततपासणी, ‘काउंट’ म्हणजे रक्तपेशींचे आकडे खाली गेले की पुन्हा भरती. नंतरचं दीड-दोन वर्षांचं मेंटेनन्स: रोज गोळ्या, ठरल्या दिवशी तपासणी. आईवडील हा काळ महिन्यांत मोजतात. घरातलं दुसरं मूल तो इयत्तांमध्ये मोजतं. ताई आजारी पडली तेव्हा मी दुसरीत होतो, औषधं थांबली तेव्हा चौथीची परीक्षा होती. बालपणाचा एवढा मोठा तुकडा आहे हा.

परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 साली सुरू झालं, आणि तेव्हापासून देशभरातली माणसं फाइल हातात घेऊन तिथे येत राहिली आहेत. समजा, जालना जिल्ह्यातलं एखादं कुटुंब आहे. निदान झालं त्या रात्री आई आजारी मुलीला घेऊन मुंबईच्या गाडीत बसते. बाप दोन दिवसांनी पैशांची जुळवाजुळव करून मागोमाग जातो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचारांच्या खर्चाचा मोठा भार उचलला जातो. पण मुंबईतली खोली, येण्याजाण्याची भाडी आणि बुडालेली मजुरी ज्याची त्यालाच सोसावी लागते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कित्येक वर्षं अशा कुटुंबांना आसरा देत आली आहे. 2006 पासून सेंट ज्यूड या संस्थेच्या केंद्रांमध्ये कर्करोगग्रस्त मूल आणि त्याचे आईवडील यांना विनामूल्य राहता येतं. ज्यांना यांपैकी काहीच मिळत नाही ते भाड्याची खोली बघतात, आणि परळच्या फुटपाथवर संसार मांडलेली कुटुंबं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना पुढचं सांगायला नको.

दुसरं मूल या कुठल्याच जागेत बसत नाही. ते आजोळी जातं, नाहीतर आत्याकडे, नाहीतर चुलत्याच्या घरी. आजोळ म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी, आंबे आणि मामाच्या गाडीवरची फेरी. आता तिथेच शाळेचा दाखला जातो. नवा गणवेश येतो, वर्गात मागच्या बाकावर जागा मिळते. मामी प्रेमाने करते, पण तिची स्वतःची दोन मुलं असतात, आणि आपण या घरात पाहुणे आहोत हे मुलाला तिसऱ्या दिवशीच कळतं. दुसरी पोळी मागायची की नाही, याचा विचार ते करू लागतं. संध्याकाळी मुंबईहून फोन येतो. त्यात पाच मिनिटं ताईचे काउंट, ताईची उलटी, ताईने आज काय खाल्लं. शेवटी फोन त्याच्या हातात देतात आणि पलीकडून आईचा थकलेला आवाज येतो, “सोन्या, शहाण्यासारखा राहतोस ना? मामीला त्रास देऊ नको हं.”

तो ‘हो’ म्हणतो. यापलीकडे त्याने काय म्हणावं?

मुलांना आजाराचं काय कळतं, याचा अभ्यास मानसशास्त्रात बराच झाला आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी 1932 सालच्या पुस्तकात मुलांच्या न्यायबुद्धीबद्दल एक महत्त्वाचं निरीक्षण मांडलं. त्यांनी मुलांना गोष्ट सांगितली: एका मुलाने सफरचंदं चोरली, आणि पळून जाताना त्याच्या पायाखालचा पूल मोडला. लहान मुलांच्या मते पूल मोडला तो चोरी केली म्हणून. फळी कुजकी होती हे कारण त्यांना सुचतच नव्हतं. वाईट वागलं की वाईट घडतं, आणि वाईट घडलं म्हणजे कोणीतरी वाईट वागलं असणार. सहा-सात वर्षांपर्यंतचं मूल जगाकडे असं बघतं. पुढे 1980 च्या सुमारास बिबेस आणि वॉल्श या अमेरिकी संशोधकांनी मुलं आजारांची कारणं कशी सांगतात याच्या पायऱ्या मांडल्या. अगदी लहान मुलं नुसत्या जवळिकीवर बोट ठेवतात, थोडी मोठी झालेली मुलं स्पर्शावर, शिळ्या किंवा घाण अन्नावर. शरीराच्या आत काहीतरी बिघडतं ही कल्पना त्यानंतर बऱ्याच वर्षांनी येते.

हे जालन्याच्या त्या घराला लावून बघा. ताईला ताप येऊ लागला त्याच्या आदल्या आठवड्यात दोघांची टीव्हीच्या रिमोटवरून मारामारी झाली होती. त्याने तिला ढकललं, ती पलंगाच्या कडेवर आपटली, मांडीवर काळानिळा डाग उठला. ल्युकेमियात प्लेटलेट्स कमी झालेल्या असतात, त्यामुळे एवढ्याशा धक्क्यानेही असे डाग उठतात. कित्येकदा आईचं लक्ष पहिल्यांदा जातं ते याच डागांकडे. म्हणजे डॉक्टरांच्या दृष्टीने तो डाग आजाराची खूण होती. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या मनात हिशेब उलटा बसतो. मी ढकललं, डाग उठला, मग ताईला घेऊन गेले. हा गुन्हा तो कोणालाही सांगत नाही. कुठलाही गुन्हेगार आपण होऊन सांगत नसतो. त्याला रात्री अंथरूण ओलं होऊ लागतं, पोटात दुखू लागतं, आणि घरातले म्हणतात, “बघा, आता याचीही नाटकं सुरू झाली.”

मानववंशशास्त्रज्ञ मायरा ब्लूबाँड-लँग्नर यांनी अमेरिकेतल्या एका ल्युकेमिया वॉर्डातल्या मुलांसोबत कित्येक महिने घालवले आणि 1978 साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्या मुलांना कोणीही काही सांगितलेलं नव्हतं, तरी आपण मरणार हे त्यांनी ओळखलं होतं. औषधांची नावं बदलली, आई जास्त लाड करू लागली, शेजारच्या खाटेवरचं मूल दिसेनासं झालं, यावरून त्यांनी सगळं जुळवलं होतं. पण आईवडिलांना बोलायचं नाही हेही त्यांना कळत होतं, म्हणून तेही गप्प. सगळ्यांना सगळं माहीत, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला माहीत नसल्यासारखं वागतोय. याच बाईंनी पुढे सिस्टिक फायब्रोसिस या दीर्घ आजाराच्या मुलांच्या भावंडांचा अभ्यास केला, त्यावरचं पुस्तक 1996 मध्ये आलं. आपल्या घरांत हे मुद्दाम पाहायला जायची गरज नाही. मोठी माणसं स्वयंपाकघरात कुजबुजू लागली की बाहेरच्या खोलीतल्या मुलाची पेन्सिल थांबते. “त्याला काय कळतंय” हे वाक्य मराठी घरांतून हद्दपार व्हावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

कळण्यासोबत रागही येतो, आणि त्याबद्दल तर बोलायचीच चोरी. ल्युकेमियाच्या उपचारात सुरुवातीला स्टेरॉइड देतात. त्याने भूक भलतीच वाढते. रात्री दोन वाजता बटाट्याची भाजी हवी, पहाटे भजी हवीत. गाल सुजून गोल होतात, स्वभाव चिडखोर होतो. आई मुकाट्याने उठते, तळून देते, आणि मुलगी दोन घास खाऊन ताट सरकवून देते. दुसऱ्या मुलाने असं केलं असतं तर पाठीत धपाटा बसला असता. हा फरक ते डोळ्यांनी बघत असतं. भेटायला येणारे पाहुणे खेळणी आणतात ती तिच्यासाठी. वाढदिवस त्याचा, पण त्याच दिवशी तिचे काउंट पडलेले, म्हणून केक रद्द. मग एखाद्या रात्री त्याच्या मनात येतं, मलाच हा आजार झाला असता तर बरं. किंवा त्याहून भयंकर काहीतरी येतं, ते मी इथे लिहीत नाही, पण आजारी भावंडासोबत वाढलेल्या कोणत्याही प्रौढ माणसाला ते ठाऊक आहे. तो विचार आल्याबरोबर लाज येते, आणि ती लाज रागापेक्षा कितीतरी जास्त वर्षं टिकते.

या मुलांचं पुढे वाईटच होतं असा समज कोणी करून घेऊ नये. डोनाल्ड शार्प आणि लुसिल रॉसिटर या संशोधकांनी 2002 साली दीर्घ आजारी मुलांच्या भावंडांवरचे 51 अभ्यास एकत्र तपासले. परिणाम प्रतिकूल दिसला, पण तो प्रचंड नव्हता. आतल्या आत कुढणं, चिंता, मित्रांसोबतचं खेळणं कमी होणं, अशा स्वरूपाचा होता. ज्या आजारांत रोजच्या रोज उपचार करावे लागतात, तिथे तो जास्त होता. आणि आईवडिलांनी आपल्या मुलाची अवस्था जितकी वाईट सांगितली, तितकी मुलांनी स्वतः सांगितली नाही. या शेवटच्या निष्कर्षावर मी बराच विचार केला आहे. कदाचित मुलं खरोखरच तितकी दुःखी नसतील. कदाचित दुःख लपवायची सवय त्यांना संशोधकासमोरही मोडता आली नसेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

अशी भावंडं वयाच्या मानाने समंजस होतात, दुसऱ्याचं दुःख त्यांना चटकन कळतं, हेही खरं. पण या समंजसपणाचं नातेवाईक जे कौतुक करतात त्याची मला धास्ती वाटते. “किती गुणाचं पोर आहे, एका शब्दाने कधी तक्रार नाही.” आठ वर्षांचं मूल महिनोन्महिने एका शब्दानेही तक्रार करत नसेल, तर डॉक्टरांनी, शिक्षकांनी, घरच्यांनी सगळ्यांनीच त्याच्याकडे जरा नीट बघायला हवं.

आता अशा एका वळणाकडे येऊ, जिथे एरवी कोपऱ्यात असलेलं हे मूल एका दिवसात घराच्या मधोमध येतं.

ल्युकेमिया औषधांना दाद देईनासा झाला, किंवा आजार थॅलेसेमिया, फॅन्कोनी ॲनिमिया, ॲप्लास्टिक ॲनिमिया यांसारखा असला, तर डॉक्टर बोन मॅरो ट्रान्सप्लांटची गोष्ट काढतात. हाडांच्या आतला मगज, जिथे रक्त तयार होतं, तो दुसऱ्याचा घ्यायचा. त्यासाठी दोघांची एचएलए नावाची जनुकं जुळावी लागतात. ही जनुकं सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना लागून असतात आणि सहसा एका गठ्ठ्यानेच पुढच्या पिढीत जातात. आईकडे असे दोन गठ्ठे, बापाकडे दोन. मूल प्रत्येकाकडून एकेक घेतं. म्हणजे चार जोड्या होऊ शकतात. तुमच्या भावाची किंवा बहिणीची जोडी नेमकी तुमचीच असण्याची शक्यता चारात एक, 25 टक्के. आईवडील स्वतः सहसा अर्धेच जुळतात. सख्खी दोन भावंडं असली तर त्यांपैकी एखादं तरी जुळण्याची शक्यता सुमारे 44 टक्क्यांवर जाते, तीन असली तर 58 वर.

भावंडांच्या मगजानेच या शास्त्राची वाट उघडली. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. ई. डोनल थॉमस यांनी ल्युकेमियाच्या रुग्णांना त्यांच्या एकसारख्या जुळ्या भावंडाचा मगज देऊन पाहिला. आजार काही महिने हटला आणि परत आला, पण रस्ता दिसला. पुढे 1990 चं नोबेल पारितोषिक त्यांना याच कामासाठी विभागून मिळालं. 1968 साली मिनेसोटात रॉबर्ट गुड यांच्या चमूने जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या तान्ह्या मुलाला त्याच्या मोठ्या बहिणीचा मगज दिला आणि तो वाचला. भारतात 1983 साली टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी नऊ वर्षांच्या मुलीवर असं प्रत्यारोपण यशस्वी केलं. 1988 साली पॅरिसमध्ये डॉ. एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी ॲनिमिया झालेल्या मुलाला त्याच्या नुकत्याच जन्मलेल्या बहिणीच्या नाळेतलं रक्त देऊन बरं केलं. आणि 2000 साली अमेरिकेत एक बाळ जन्मलं, ज्याचा गर्भ प्रयोगशाळेत तपासून, बहिणीशी जुळतोय हे बघून निवडला होता.

आपल्याकडे थॅलेसेमियाच्या घरांमध्ये हा प्रश्न फार जवळचा आहे. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि त्या रक्तातून साठणारं लोह काढायला रोज औषध घ्यावं लागतं. लोह काढायच्या गोळ्या येण्यापूर्वी पोटाच्या कातडीखाली सुई टोचून, छोटा पंप लावून मुलं रात्र रात्र झोपत. शेजारच्या अंथरुणावर निरोगी भावंड असायचं. कोल इंडियाच्या अर्थसाहाय्याने 2017 पासून चाललेल्या योजनेत अशा मुलांच्या ट्रान्सप्लांटसाठी 10 लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. ती सुरू झाली तेव्हा तिची पहिली अट होती, जुळणारं सख्खं भावंड असणं. म्हणजे सरकारी अर्जावरही आशा या दुसऱ्या लेकरावरच टेकलेली.

तपासणी सोपी असते. थोडं रक्त, नाहीतर गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा. रिपोर्टला दिवस लागतात, आणि त्या दिवसांत घरातली माणसं त्या मुलाकडे कशी बघतात, हे एकदा त्याच्या जागी बसून अनुभवायला हवं. आजी दृष्ट काढते. आई आपण होऊन त्याच्या आवडीचा शिरा करते. रिपोर्ट जुळला, तर ते घराचा तारणहार. नाही जुळला, तर कोणी काही बोलत नाही, पण आईचा चेहरा उतरलेला त्याला दिसतो. आपल्यात काहीतरी कमी आहे, एवढंच त्याला कळतं. चारात एकाचं गणित त्याला आधीच, शांतपणे, कागदावर चार चौकटी काढून समजावलं असतं तर? हे समजायला आठ-नऊ वर्षांचं वय पुरतं. आईच्या दोन चिठ्ठ्या, बाबांच्या दोन, डोळे मिटून एकेक उचलायची. दोघांच्या सारख्या आल्या नाहीत, यात दोष कुणाचाच नाही.

जुळलेल्या मुलाचं पुढे काय होतं, तेही सांगितलं पाहिजे. त्याला भूल देतात आणि कमरेच्या हाडाच्या मागच्या बाजूने सुईने मगज ओढून घेतात. घ्यायचं प्रमाण दात्याच्या वजनावर बांधलेलं असतं, सहसा दर किलोमागे 20 मिलिलीटरपर्यंत. मगज काही आठवड्यांत भरून निघतो. कंबर काही दिवस ठणकते, लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. शारीरिक धोका फारच थोडा, पण शून्य नाही, आणि त्याला स्वतःला या सगळ्याची काही गरज नव्हती. म्हणूनच अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2010 साली मुलांना दाते करण्यासाठी अटी सांगितल्या: तितकाच योग्य प्रौढ दाता नसावा, दोघांमध्ये जिव्हाळ्याचं नातं असावं, रुग्णाला फायदा होण्याची खरी शक्यता असावी, दात्याचे धोके कमीत कमी राखावेत, पालकांच्या परवानगीसोबत मुलाचीही त्याच्या वयानुसार संमती घ्यावी. शिवाय, दात्याच्या बाजूने बोलणारा एक स्वतंत्र माणूस हवा, ज्याला रुग्णावर उपचार करायचे नाहीत. मला ही शेवटची अट सर्वांत मोलाची वाटते. आईवडील त्या क्षणी दोन्ही मुलांचे असतात हे खरं, पण एक मूल बुडत असताना दुसऱ्याची बाजू ते कशी मांडणार?

प्रत्यारोपण फसलं, नव्या मगजाने शरीरावरच हल्ला केला, किंवा मूल गेलं, तर दात्याच्या मनात एकच विचार ठाण मांडतो: माझा मगज चांगला नव्हता. म्हणून सुई टोचण्याच्या आधीच त्याला सांगायचं, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा: “तू द्यायचं ते देतोयस. पुढे जे होईल ते आजारावर आणि औषधांवर अवलंबून आहे. तुझ्यावर नाही.”

मूल दगावण्याबद्दल थोडंच लिहितो, कारण त्या घराला सल्ल्याची नव्हे तर माणसांची गरज असते. फक्त एक विनंती. दुसऱ्या मुलाला त्या दिवशी शेजारी पाठवून देऊ नका. त्याला विचारा, शेवटचं बघायचंय का, आणि ते जे म्हणेल ते माना. “ताई देवाघरी गेली, ती झोपलीय” असं सांगितलेली मुलं नंतर झोपायला घाबरतात. ताई मेली, तिचं शरीर थांबलं, आता तिला दुखत नाही आणि ती परत येणार नाही, हे शब्द मोठ्यांच्याच घशात अडकतात. मुलं ते ऐकू शकतात.

1959 साली ब्रिटनमध्ये सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने शिफारस केली की आजारी मुलाजवळ आईवडिलांना हवं तेव्हा येऊ द्यावं. त्याआधी तिथल्या अनेक इस्पितळांत आठवड्यातून एखाद-दुसऱ्यांदा भेटायची मुभा असे. त्या शिफारशीने जगभरच्या बालविभागांची दारं हळूहळू आईसाठी उघडली. भावंडांसाठी ती आजही पुष्कळ ठिकाणी बंद आहेत. जंतुसंसर्गाचं कारण खरं आहे, पण ते सदासर्वकाळ लागू नसतं. सर्दी-खोकला नसलेलं, हात धुतलेलं, मास्क लावलेलं भावंड काउंट चांगले असलेल्या दिवशी दहा मिनिटं आत जाऊ शकतं. ही परवानगी मागायला हवी. प्रत्यक्ष खाट, सलाइनची नळी आणि टक्कल झालेली पण त्याला बघून हसणारी ताई पाहिली, की मुलाने मनात रंगवलेलं इस्पितळ पुसलं जातं. ते नेहमीच खऱ्याहून भयानक असतं.

अमेरिकेत 1982 साली डॉन मेयर यांनी अशा भावंडांसाठी ‘सिबशॉप’ नावाचे मेळावे सुरू केले. खेळ, खाणं, आणि मध्येच आपल्यासारख्याच दुसऱ्या मुलाला बोलताना ऐकणं. 2015 साली बालकर्करोगाच्या मानसिक-सामाजिक काळजीची 15 मानकं प्रसिद्ध झाली, त्यांत भावंडांना आधार देणं हे एक स्वतंत्र मानक आहे. आपल्या इस्पितळांतल्या समाजसेविका डोक्यावर कामाचा डोंगर असताना रोज जीव ओतून काम करतात. त्यांच्या फॉर्मवर एक ओळ वाढवता येईल: दुसरं मूल सध्या कुठे आहे, आणि त्याला काय सांगितलंय?

घरी करायच्या गोष्टी अगदी छोट्या आहेत. रोजच्या फोनवर पहिली पाच मिनिटं त्याची. आधी त्याच्या शाळेचं, मग ताईचे काउंट. वर्गशिक्षकांना आजाराची कल्पना द्यायची, म्हणजे गृहपाठ राहिला तर सगळ्या वर्गासमोर उभं करणार नाहीत. त्याला एखादं काम द्यावं, पण मुलाच्या वयाचं: ताईला दाखवायला चित्र काढणं, तिची वही पूर्ण ठेवणं. रात्री उठून तिच्या गोळ्या देणं हे मोठ्यांचं काम, ते बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्यात घालू नये. मुलींच्या बाबतीत हे जास्त होतं. आई मुंबईला गेली की घरातली मोठी लेक आपोआप स्वयंपाकाला लागते, आणि तिचा दहावीचा अभ्यास कोणाच्या ध्यानात राहत नाही. रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाने “भाऊ कसा आहे?” विचारण्याआधी एकदा “तू कशी आहेस?” विचारावं.

उपचार संपल्यावर घर मोकळा श्वास घेतं, आणि नेमकं तेव्हाच हे मूल कोसळतं. दोन वर्षं मुकाट राहिलेलं पोर एकाएकी वर्गात मारामाऱ्या करू लागतं, आईला उलट बोलतं, आजोळहून परत आणल्यावर रडून गोंधळ घालतं. आईवडील हबकतात: आता तर सगळं सुरळीत झालं! पण त्याच्या दृष्टीने आता कुठे रडायला जागा झाली आहे. त्याला त्या दिवसांत रागावण्याऐवजी वेळ द्यावा, आणि लागलं तर समुपदेशकाकडे न्यावं.

मुलं या टप्प्यावर जे तीन प्रश्न विचारतात, किंवा विचारत नाहीत पण मनात घोळवतात, त्यांची उत्तरं तयार ठेवलेली बरी. माझ्यामुळे झालं का? नाही. ढकलल्याने, भांडल्याने, मनात वाईट आल्याने हा आजार होत नाही, कोणालाच. मलाही होईल का? ल्युकेमिया एकाचा दुसऱ्याला लागत नाही, उष्टं खाल्ल्याने नाही की एका अंथरुणात झोपल्याने नाही. एकसारख्या जुळ्यांची गोष्ट वेगळी, पण बाकी भावंडांना तो होण्याची शक्यता फार फार थोडी. तिला परत होईल का? इथे खोटं सांगायचं नाही. आजार उलटायचा असेल तर बहुतेक वेळा उपचार चालू असताना किंवा ते संपल्यावरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो. नंतर दर वर्षी तो धोका उतरत जातो. म्हणून डॉक्टर तिला ठरल्या तारखांना बोलावतात आणि रक्त तपासतात. पुढची तारीख सुट्टीतली आहे, तूही सोबत चल, आणि तुला जे विचारायचंय ते डॉक्टरांना तूच विचार.